आई १००

“तुम्ही चोर आहात, साहेब. शुद्धलेखनाच्या नावाखाली माणसाची गाणी चोरता.”

प्रज्ञाने छापील कागद टेबलावर आपटला. शेजारचा कारकून डबा उघडता उघडता थांबला. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला.

“ताई, आवाज खाली. जिल्ह्यातली लोकगीतं आम्ही जपून ठेवतोय. यात चोरी कसली?”

“मग हे काय आहे? वाचा.”

कागदावर द्रौपदाबाईंची अकरा गाणी होती. द्रौपदाबाई दोंडाईच्याजवळच्या खेड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्या तिथेच बाकावर बसल्या होत्या. कागदावर त्यांचं नाव द्रौपदीबाई झालं होतं. भाषा: मराठी, आणि पुढे कंसात ‘अशुद्ध’. तिसरं गाणं होतं ‘माय एक शे’, म्हणजे आई एकच आहे. त्याचं झालं होतं ‘आई १००’.

“‘एकशे’ म्हणजे शंभर,” साहेब म्हणाले. “संख्या आकड्यात लिहायची, असा नियम आहे.”

“शंभर माय?” द्रौपदाबाई हसल्या. “माले ते एक मायनाच मार पुरी जाये.”

ही गाणी त्यांनी वीस वर्षांपूर्वी गायली होती, एका दुकानाच्या मागच्या खोलीत; दुकानदाराने ती रेकॉर्ड करून सीड्या काढल्या होत्या. ढोलकी जाऊबाईने वाजवली होती. जाऊबाई गेली. सीड्या वाटल्या, हरवल्या, फुटल्या. एकच उरली आणि तिचाही चंदेरी थर सुटायला लागला, तेव्हा द्रौपदाबाई ती पदरात गुंडाळून धुळ्याला आल्या. प्रज्ञाचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं.

सीडी आत घातली आणि गाणी उतरू लागली. कॉम्प्युटरला गाणं कळत नाही. सीडीवर गाणी किती आणि कोणतं केवढं लांब, एवढंच तो मोजतो आणि इंटरनेटवरून नावं आणून चिकटवतो. पोलंडमध्ये नेमक्या याच मापाची एक सीडी निघाली होती. पडद्यावर शेपट्या असलेल्या अक्षरांतली अकरा नावं आली आणि सोबत सोनेरी केसांची एक बाई.

“हाई गोरी मन्हा गळामा कव्हय घुसनी व?” द्रौपदाबाईंनी विचारलं होतं.

प्रज्ञाने ती नावं पुसली. मराठी अक्षरं टाकली तर त्यांची नुसती प्रश्नचिन्हं झाली. पुन्हा टाकली. तीन दुपारी गेल्या, तेव्हा कुठे प्रत्येक गाणं आपल्या नावाने दिसायला लागलं. मग तिने इंटरनेटवरची ती नावांची यादी सांभाळणाऱ्यांना चूक कळवली. तिकडच्या कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. लिपी मला वाचता येत नाही, त्याने लिहिलं होतं, पण तुम्ही म्हणता तीच नावं ठेवतो. फक्त भाषा कोणती लिहू, ते सांगा. प्रज्ञाने कळवलं, अहिराणी. त्याने अहिराणी लिहिलं. दाखला मागितला नाही.

परक्या माणसाला शब्द पुरला. तीच गाणी जिल्ह्याच्या संग्रहासाठी दिली, तर धुळ्यातल्या साहेबांना नियम लागत होता.

“आजी, सही करा,” साहेब द्रौपदाबाईंकडे वळले. “आज शेवटचा दिवस आहे. सही नसेल तर गाणी संग्रहात जाणार नाहीत. शाळाशाळांतून वाजणार आहेत, तुमची नातवंडं ऐकतील.”

द्रौपदाबाईंनी पेन घेतलं. सही करायला त्या पन्नाशीत शिकल्या होत्या. कागदावरचं नाव आपलं नाही, एवढं त्यांना वाचता येत होतं.

“मन्हं नाव नीट करा. आनि भाषा अहिराणी लिखा. मंग करस सही.”

“नाव करतो. पण भाषांच्या यादीत अहिराणी नाही. यादीत नसेल ते सगळं ‘परकीय’ या रकान्यात जातं. बोला, अशुद्ध मराठी लिहू की परकीय? दोनच जागा आहेत.”

प्रज्ञा उसळून पुढे झाली. द्रौपदाबाईंनी तिचं मनगट धरलं.

“अशुद्ध म्हंजे मळेल ना, साहेब?”

“मळलेली नाही हो. चुकीची.”

“मन्ही भाषा चुकेल नई शे. लिखा परकीय.”

“अक्का!” प्रज्ञा ओरडली.

“लिखू दे त्यास्ले.”

साहेब हसले. सुटलो, असं ते हसणं होतं. त्यांनी रकान्यावर पेन टेकवलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते भिंतीकडे वळले. तोंडावर हात धरून हळू बोलू लागले. पण पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसावं. हळूहळू आवाज वाढत गेला, हात कधी बाजूला झाला ते त्यांनाही कळलं नाही.

“हां माय, जेवनू ना! तू बीपीन्या गोया लिध्यात का? नई व माय, कोनी भांडत नई. आठे बठ्ठं बरं शे. ठेव आते.”

फोन ठेवून ते वळले. कारकून त्यांच्याकडे बघत होता. प्रज्ञा बघत होती. पेन अजून हातात होतं, पण चालत नव्हतं.

द्रौपदाबाई उठल्या. टेबलाशी आल्या. तो कागद त्यांनी बोटाने साहेबांच्या आणखी जवळ सरकवला. या खेपेला त्या ‘साहेब’ म्हणाल्या नाहीत.

“सांग भाऊ, तुन्ही माय कोन्ता देशनी शे?”