तिसरी लस

"हा बाहेर जातो का?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! उंबरठासुद्धा ओलांडत नाही," मुलगी म्हणाली.

टेबलावरच्या बोक्याचं नाव मुकादम. दुसऱ्याचं काम चालू असलं की हा समोर बसून नुसता बघत राहायचा, म्हणून मुलीच्या म्हाताऱ्या बापानंच ते ठेवलं होतं. म्हातारा गवंडी होता. मुकादम त्यानं पुष्कळ पाहिले होते. आता तो बोक्याच्या पाठीवर हात ठेवून मुलीशेजारी उभा होता. तो जिन्यावरून पडल्यापासून मुलगी कामाला जाताना रोज बजावायची, "बाबा, मी येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही." तो रोज मान डोलवायचा.

डॉक्टरीणबाईंनी तीन बाटल्या काढून ठेवल्या होत्या. "ही पिसाळण्याची. ही सर्दी-ताप आणि जुलाबाच्या आजारांची. या दोन्ही प्रत्येक मांजराला हव्यातच. तिसरी रक्ताच्या आजाराची. तो दुसऱ्या मांजराच्या लाळेतून येतो, चाव्यातून येतो. घरात राहणाऱ्याला उगाच कशाला टोचायचं?"

"मग नको."

बाईंनी तिसरी बाटली उचलली आणि फ्रिज उघडला. म्हाताऱ्याचं बोट मुकादमाच्या कानामागे गेलं. तिथं केसांखाली खपली होती.

"बाई, ती राहू द्या," तो म्हणाला. "तिसरीही लागेल."

"बाबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"रोज जातो तो बाहेर."

"दार कोण उघडतं त्याला?"

"मी."

"आणि परत कसा येतो?"

"माझ्याबरोबर."

फ्रिजचं दार उघडंच राहिलं.

"कुठं जाता?" मुलीचा आवाज खाली आला होता.

"कोपऱ्यावर घर बांधतायत तिथं. भिंत ओळंब्यात नव्हती. पोट सुटल्यासारखी उभी केली होती. सांगायला नको?"

"आणि मला नको सांगायला?"

म्हाताऱ्यानं मोर्चा डॉक्टरीणबाईंकडे वळवला. "तिथं वाळूच्या ढिगावर एक काळा बोका असतो. याचं नि त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. परवा चावला याला. मी काठीनं सोडवलं."

"काठीनं? मला काठी लागत नाही, असं म्हणता ना?"

"मला नाहीच लागत. बोक्याला लागते."

बाईंनी हसू खोकल्यात घालवलं. त्यांनी मुकादमाच्या पायातून थोडं रक्त काढलं आणि आत गेल्या. बापलेक बाकावर बसले, मध्ये पिंजरा. म्हाताऱ्यानं जाळीतून बोट आत घातलं होतं.

"आजार नाही," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "चावा ताजा आहे, तेव्हा पुढं एकदा परत तपासू. पण लशीचं तुम्ही ठरवा. घरात कोंडून ठेवणार असाल तर तिसरी नको. बाहेर सोडणार असाल तर हवीच."

मुलीनं बोक्याकडे पाहिलं. मग बापाकडे. तो उठून उभा राहिला होता, ताठ. कशालाही न टेकता.

"कोंडून राहणारी जात नाही ती," ती म्हणाली. "द्या तिसरीही."

म्हाताऱ्यानं मुकादमाला घट्ट धरलं. तीन सुया झाल्या, पण मुकादमानं हूं की चूं केलं नाही.

"काठी मात्र दोघांना लागते," मुलगी पिंजरा उचलत म्हणाली. "कळलं?"

"कळलं, मुकादमीणबाई."

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. एरवी ती त्याचा दंड धरायची. आज ती पिंजरा घेऊन पुढं झाली, खाली गेली, आणि मागं वळली नाही. म्हातारा भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरू लागला. भिंत ओळंब्यात होती.