मुठीतलं अंडं

आईच्या तोंडात घास जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, निदान अंडं तरी द्या. म्हणून लेकीने जन्मात पहिल्यांदा कोंबडी पाळली, ठिपकी नावाची. ठिपकीचं ताजं अंडं आधी तळहातावर घ्यायचं, कोमट लागलं तरच उकडून खायचं, असा आईचा अंथरुणातून हट्ट.

महिन्याभरात ठिपकीच्या विष्ठेत जंत दिसले.

"हे औषध पाण्यातून पाजा," औषधवाला म्हणाला, "आणि सात दिवस तिची अंडी कुणी खायची नाहीत."

लेकीने दुकानातलं अंडं आणलं. हात लागताच आईने तोंड फिरवलं. "गार आहे गं हे. आपल्या ठिपकीचं नाही."

काय करणार? दुसऱ्या दिवसापासून लेक रोज सकाळी स्वयंपाकघरात दुकानातलं अंडं मुठीत घट्ट धरून अर्धा अर्धा तास बसू लागली. आई निमूटपणे खाऊ लागली.

आठव्या दिवशी लेक खुराड्यातून धावतच आली. ठिपकीचं ऊन ऊन अंडं तिने आईच्या तळहातावर ठेवलं.

आईने ते हळूच बाजूला सारलं.

"हे नको गं. दुकानातलंच आण, पण तुझ्या मुठीतलं दे."