वाचवलेल्या चकत्या

केळीच्या शेवटच्या रांगेत पॉलिनने हातभर खणले, तरी जाळीची पिशवी लागली नाही. चर्चमधली मिस्सा आटोपून ती थेट गिरीज गावातल्या घरच्या वाडीत आली होती. चांगली साडीसुद्धा बदललेली नव्हती.

पावसाळा सरताच पिशवी तिनेच तिथे पुरली होती. आत तिच्या प्रबंधाचे अखेरचे नमुने होते : स्टार्चवर गॅमा किरणांचा मारा करून घडवलेल्या हायड्रोजेलच्या चकत्या. मातीतले आम्ल वाढले की त्या आकसत. घटले की पाणी पिऊन फुगत. फुगतात, हे सिद्ध झाले होते. पिकाला ओल पुरवण्याचे काम संपल्यावर काही महिन्यांत मातीत कुजून नाहीशा होतात, एवढेच दाखवायचे उरले होते. मुदतवाढ मिळून गेली होती. आणखी मिळणार नव्हती. परवा चकत्यांची घटलेली वजने सादर करायची होती, अन्यथा प्रबंध बाद.

"तिथे काय शोधतेस, बाय?" विहिरीकडून तिचे वडील स्टॅनी यांनी हाक दिली. "ते मी केव्हाच काढलं."

ती कुदळीच्या दांड्यावर रेलली. "काय काढलं, पप्पा?"

ते घरातून लोणच्याची बरणी घेऊन आले. आत पिवळसर चकत्या होत्या, खडीसाखरेसारख्या कडक.

"केळीचे नवे कोंब, मुनवे लावायला खणत होतो, तर पिशवी लागली. उघडून बघतो तर सगळ्यांच्या कडा विरघळायला लागलेल्या! म्हटलं, पोरगी मर मर मरते आणि माल इथे सडतोय. धुतल्या, बोंबलांसारख्या उन्हात वाळवल्या." त्यांनी बरणी खुळखुळवली. "एक कुजू दिली नाही. पुरलंस तरी कुठे, केळीच्या मुळाशी! तिथे हाडूकसुद्धा राहत नाही."

"त्या कुजायलाच हव्या होत्या, पप्पा."

स्टॅनी हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबले. "कुजायलाच? मग एवढी वर्षं बनवत कशाला होतीस?"

उत्तर लांब होते. तिने ते अनेक समित्यांपुढे न अडखळता दिले होते. आज तिने फक्त त्यांच्याकडून बरणी घेतली.

स्टॅनींनी तिच्या हातून कुदळ घेतली. मुनव्यासाठी करतात तसा खड्डा रुंद केला, कडा नीट तासल्या, आणि गुडघे टेकून एकेक चकती मातीत निजवू लागले.

"ओल चांगली आहे," ते वर न पाहता म्हणाले. "परवापर्यंत होईल ना?"

"होईल," पॉलिन म्हणाली, आणि पुढची चकती तिने त्यांच्या हातात ठेवली.