हसायचं कधी, मान डोलवायची कधी

"एकदा दाबला की मान डोलवायची. दोनदा दाबला की हसायचं," टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय ठेवत बायको म्हणाली. "आणि एवढ्या मोठ्याने नाही. पाहुणे दचकतील."

"त्यांनी काही विचारलं तर?" ग्रंथपाल म्हणाले.

"तर आपणच दुसरा विषय काढायचा. बोलत्या माणसाला ऐकावं लागत नाही."

ग्रंथपालांचे कान हळूहळू गेले होते. ग्रंथालयात सगळे कुजबुजतच बोलणार, त्यामुळे तिथे ते कुणाच्या ध्यानात यायला फार वेळ लागला, अगदी त्यांच्या स्वतःच्याही. आता कानात यंत्र होतं आणि त्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

"आई, राहू दे ना ते यंत्र," मुलगी म्हणाली. "मीच सांगते त्याला."

"काही सांगायचं नाही. तुझ्या आजोबांचे कान गेले, यांचे गेले. उद्या म्हणतील, रक्तातच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न होऊ दे, मग दोन्ही कानांत भोंगे लावून बसू देत."

मुलीने बाबांकडे पाहिलं. मागच्या वेळी तिला बघायला आलेल्या माणसांनी यंत्र पाहिलं होतं आणि नंतर फोनच केला नव्हता. कारण दुसरंही असेल. पण मुलगी कित्येक दिवस जेवताना खाली मान घालून बसायची आणि ग्रंथपालांनी तो दोष स्वतःच्या माथी घेतला होता. या वेळी मुलगा तिनेच निवडला होता, तिच्याच ऑफिसातला. हे आपल्यामुळे मोडायला नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

"घे काढून," ते म्हणाले.

बायकोने यंत्र काढून चमच्यांच्या खणात टाकलं. घर एकदम गोधडीखाली गेल्यासारखं झालं. आवाज येत होते, शब्द नव्हते.

पाहुणे दोघंच आले. मुलाची आई पूर्वीच वारली होती. वडील दंतवैद्य होते. ज्यांना उलट बोलता येत नाही अशा लोकांशी जन्मभर बोलून त्यांना लांबलचक बोलायची सवय झाली होती. त्यांच्या भरघोस मिशांमुळे ओठ वाचायचीही सोय राहिली नव्हती.

पण पाय आपलं काम चोख करत होता. ग्रंथपालांनी मान डोलवली, हसले, पुन्हा मान डोलवली. मधूनच "अहो, केक घ्या ना" म्हणाले. एकदा खुर्ची सरकवताना बायकोचा पाय चुकून लागला तेव्हाही त्यांनी मान डोलवली. सुदैवाने तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं.

मुलगा त्यांना आवडला. मोजकं बोलत होता, बायको आली की उठून उभा राहत होता. मुलगी हातवारे करत ऑफिसातलं काहीतरी सांगत होती आणि स्वतःच हसत होती. मुलाने तिच्या मनगटावर हात ठेवला. ती थांबली. दंतवैद्यांनी मुलाकडे नुसतं पाहिलं आणि मुलाने हात काढून घेतला. वळण आहे घराला, ग्रंथपालांच्या मनात आलं.

चहा झाल्यावर दंतवैद्यांनी मुलाला काही खूण केली. मुलगा उठला आणि कपांचा ट्रे उचलून आत निघाला. पाहुण्याने भांडी उचलायची म्हणजे काय! बायको "अहो, राहू द्या" अशा हातांनी त्याच्यामागे धावली, मुलगीही गेली. टेबलाखाली आता ग्रंथपालांचे एकट्याचे पाय उरले.

दंतवैद्य खुर्ची पुढे ओढून बोलू लागले. खाली मान घालून, अडखळत, बराच वेळ. ग्रंथपालांनी केकचं ताट पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. बोलता बोलता एकदा त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि उत्तराची वाट बघत बसले.

हे हसण्यावारी न्यायचं नाही, एवढं ग्रंथपालांना कळत होतं. वारलेल्या बायकोची आठवण निघाली असणार. आईवेगळं पोर एकट्याने वाढवलं, आज ती असायला हवी होती, असंच काहीतरी. दुसरं काय असणार? माणूस असा समोर रडतो तेव्हा शब्द कशाला ऐकू यायला हवेत?

त्यांनी दंतवैद्यांचा हात हातात घेतला.

"जे झालं ते झालं," ते म्हणाले. "आता तुमचा मुलगा तो आमचा मुलगा. आमच्याकडून होकार समजा."

दंतवैद्यांनी उठून त्यांना मिठीच मारली. बायको आणि मुलं बाहेर आली तेव्हा दोघे म्हातारे एकमेकांची पाठ थोपटत होते. मुलगी रडायला लागली, हसायलाही लागली. पायाची मदत नसताना नवऱ्याने बाजी मारली, हे बायकोला खरंच वाटेना.

निघताना मुलं गाडीकडे पुढे गेली. ग्रंथपाल दारात प्रसन्न उभे होते. दंतवैद्य जाता जाता बायकोजवळ थांबले.

"वहिनी, यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "याआधी दोन घरांनी आम्हाला अर्ध्या बोलण्यावरून उठवलं. तुमची मुलगी वाचवील हो त्याला. पण लपवून लग्न करणं मला पटेना. पहिल्या बायकोला त्याने गच्चीवरून ढकललं, ती अजून अंथरुणातून उठलेली नाही, हे मुलीच्या आईबापांच्या कानावर घालायलाच हवं होतं."