शाळाबाह्य

चौथीच्या बाईंचा सर्वेक्षणाचा हा एकोणिसावा दिवस होता. शाळा सोडलेली मुलं घरोघर जाऊन शोधायची, कारणाच्या रकान्यात खूण करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत वर आकडा कळवायचा. जिने चढून चढून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. "माझ्या वर्गाचं काय?" असं विचारलं की हेडमास्तरांचं एकच पालुपद असायचं, "बाई, तेवढं एकदाचं उरकून टाका."

तिसऱ्या मजल्यावरचं दार एका आजीबाईंनी उघडलं.

"घरात शाळेत न जाणारं कुणी मूल आहे का?" बाईंनी घासून गुळगुळीत झालेला प्रश्न विचारला.

"आहे की! माझी नात. दोन आठवडे झाले, घरीच बसलीय."

"का बरं? आजारी आहे? घरकामाला लावलंय? की शाळा लांब पडते?"

"छे हो! शाळा पलीकडच्या गल्लीतच आहे. पण त्यांच्या बाईच येत नाहीत. पोरं दिवसभर नुसता दंगा घालतात, मग पाठवून करायचं काय? कुठं भटकत असतात त्या बाई, देव जाणे!"

बाईंचं पेन कागदावरच थांबलं. कुठल्या रकान्यात खूण करावी, त्यांना सुचेना.

तेवढ्यात आजीच्या पाठीमागून त्यांच्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची मुलगी डोकावली. बाईंना पाहून तिचा चेहरा फुलला.


"अय्या बाई! तुमचीपण शाळा सुटली?"