तिसऱ्या अंकातलं लग्न

"भटजी शिंकणार नाही," रामनाथकाका म्हणाले. "आणि नवऱ्याच्या मुंडावळ्याही घसरणार नाहीत. दोन्हीवर काट मार."

लवूने संहितेत बोट ठेवून मान वर केली. चाळीच्या नाटकातले सगळ्यात मोठे दोन हशे काका उडवायला सांगत होते. एकाच खोलीवर हक्क सांगणारे दोघं दोन अंक कडाकडा भांडतात आणि तिसऱ्यात बोहल्यावर चढतात. त्या लग्नाला लोक पिढ्यान्‌पिढ्या पोट धरून हसत आले होते.

"काका, लोका हसाक येतत, रडाक नाय."

"हसतील की रे. दोन अंक हसतील. कीर्तनाला बसतोस ना तू? पूर्वरंगात बुवा हसतखेळत नेतो. पण उत्तररंगात आख्यान असं उभं राहायला पाहिजे, की बसलेल्या माणसाला आपण मांडवात आहोत हेच आठवू नये. तिसऱ्या अंकात लग्न लागलं म्हणजे लागलं."

लवूने दोन्ही हशांवर काट मारली. कांदिवलीच्या त्या चाळीत काकांशी वाद कोणी घालत नसे. संपानंतर गिरणी सुटली, काका कुठल्याशा गोदामावर बसू लागले, पण शनिवारचं कीर्तन चुकलं नाही. आख्यानात बाळ ध्रुव रानात निघाला की बुवांच्या आधी काकांचे डोळे भरायचे.

नंदू भिंतीला टेकून ऐकत होता. नायकाचं काम आपल्याला मिळालं, हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं. गोरेगावच्या स्टुडिओत तो देखाव्याचे पडदे रंगवायचा. पडद्यापुढे कधी उभा राहिला नव्हता. लवू त्याच्याहून दसपट चांगला नट. पण काकांनी लवूला घरमालक दिला. "तुला बायकापोरं आहेत, तू नको," एवढंच म्हणाले. मग नंदूकडे वळले.

"तुझ्या मागे कोण आहे रे?"

"कोणी नाही, काका. आई गेली, तेव्हापासून एकटाच."

काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात पाठीवरून फिरून किती काळ लोटला होता!

नायिका होती काकांची एकुलती एक मुलगी सुलक्षणा. तिशी कधीच ओलांडलेली. स्थळं यायची, पोहे खायची, पत्रिका बघायची आणि जायची ती जायचीच. नळावर भांडी घासताना ती आता कोणाशी फारसं बोलतही नसे. नंदूचा तिच्यावर जीव होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण काकांना कळलं असावं, असं त्याला तालमीगणिक वाटू लागलं.

नाहीतर पार्ल्याहून खरे गुरुजी कशाला बोलवायचे? प्रयोगाच्या दिवशी नंदूने उपास का धरायचा? त्याचं गोत्र कशाला हवं होतं?

"आणि संकल्पात तुझंच नाव घ्यायचं," काकांनी बजावलं. "नाटकातल्या नावांना देव ओळखत नाही."

रंगरंगोटी बघणारी कमळमावशी फिसकन हसली. "मेल्या नंदू, तालमीला येतोस की सासुरवाडीला?"

नंदू कानापर्यंत लाल झाला. सुलक्षणा मात्र हसली नाही. तालीम संपल्यावर तिने त्याला जिन्याखाली गाठलं.

"नंदू, तू हे नाटक सोड."

"का गं? मी वाईट करतो?"

"चांगलं करतोस. म्हणूनच म्हणते."

"लाजतेस काय?"

"बाबा वाईट नाहीत रे," ती म्हणाली आणि खाली मान घालून निघून गेली. त्या वाक्याचा अर्थ नंदूने आपल्याला हवा तसा लावला, आणि रात्रभर तो उराशी धरून झोपला.

सत्यनारायणाच्या पूजेच्या संध्याकाळी देवळामागच्या मांडवात प्रयोग झाला. दोन अंक लोक खदखदून हसले. तिसऱ्याला काकांनी मांडवातले सगळे दिवे लावले आणि प्रेक्षकांत अक्षता वाटल्या. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी खड्या सुरात मंगलाष्टकं म्हटली, एकही न गाळता. समोरचे लोक हळूहळू गप्प झाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अंतरपाट बाजूला झाला, तेव्हा सुलक्षणा रडत होती आणि तिचे हात बर्फासारखे गार होते. नंदूने तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. टाळी एकही पडली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने चक्क हात जोडले.

विंगेत काका डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणत होते.

आजच विचारायचं, नंदूने ठरवलं. तोंडावरचा रंगही न पुसता तो काकांना शोधत मांडवाच्या मागे गेला. कनातीपलीकडे काका कोणाशी तरी बोलत होते. मुलुंडहून आलेले, प्रयोगभर पहिल्या रांगेत बसलेले एक गृहस्थ. मध्येच शिरणं बरं दिसेना, म्हणून नंदू अलीकडेच थांबला.

"रामनाथराव, आम्ही तर सोपं सांगितलं होतं. मुलीचं आधी मातीच्या मडक्याशी लग्न लावा, ते मडकं फोडा, मग आमचा मुलगा बोहल्यावर उभा राहील. एवढा खटाटोप कशाला केलात?"

काकांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, नुकताच कीर्तनातून उठून आल्यासारखा.

"मडक्याने देव फसत नाही हो. पोरीच्या मंगळाला पहिला नवरा खायचाच आहे, तर तो जिता नको का?"