बुधवारचं विमान

शिवकांताचा नवरा शांतलिंग प्रवासी बोटीवर कामाला. बोट सिंगापूरला सोमवारी लागायची, पण हा घरी यायला विमान धरायचा बुधवारचं. इकडं गावात, बेंबळीत, टँकरच्या पाण्यावर दिवस चाललेले, आणि हा आल्या आल्या चंदनी साबणानं तीनतीनदा हात धुवायचा. शिवकांताला वेगळाच वास यायला लागला.

"मधले दोन दिवस कुणाकडं असता?" हात धुतानाच तिनं त्याला गाठलं.

घर लिंगायताचं, मांसमटण वर्ज्य; आत सासू तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती. तिकडं बघत तो पुटपुटला, "लॉजवर. हात घासत बसतो. बोटीवर मटण कापायला हाय मी."

"दोन दिवस कुठं ऱ्हातोय गं ह्यो?" सासूनं आतून विचारलं.

शिवकांतानं पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी त्याच्या हातांवर ओतलं.

"बुधवारच्या आधी विमानच नसतंय म्हणं, आत्याबाई."